'रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम' सापडत नाही: कुणीच न लिहिलेल्या एका ओळीचं प्रकरण

रिॲक्ट १७ वर, म्हणजे वेबपानाचे तुकडे (कंपोनंट) बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर, चालणारं एक ॲप आहे असं धरू. ते वेबपॅक या बंडलरच्या, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या हत्याराच्या, आवृत्ती ४ वरून ५ वर नेलं, कॉन्फिगमधला जुना पसारा काढला, ॲपचा स्वतःचा कोड व्यवस्थित बिल्ड होतोय. मग बाहेरच्या एका कंपोनंट लायब्ररीची नवी आवृत्ती घेतली आणि बिल्ड पडला. टर्मिनलवर पहिली ओळ अशी: 'मॉड्यूल नॉट फाउंड: कान्ट रिझॉल्व्ह रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम'.

यावर बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला असतो. बाहेरची पॅकेजेस ठेवणारं नोड-मॉड्यूल्स फोल्डर उडवायचं, लॉकफाइल उडवायची, सगळं पुन्हा इन्स्टॉल करायचं. इथे त्याने काहीही होत नाही, कारण फाइल पहिल्यापासून जागेवरच आहे. नोड-मॉड्यूल्समध्ये रिॲक्ट, त्यात जेएसएक्स-रनटाइम.जेएस. उघडून पाहिलं तर आत जेमतेम एक इफ-एल्स: प्रॉडक्शन असेल तर सीजेएस फोल्डरमधली मिनिफाय केलेली फाइल रिक्वायर करायची, नाहीतर डेव्हलपमेंटवाली. फाइल डोळ्यांसमोर असताना बंडलर ती सापडत नाही म्हणतो. त्यात भर म्हणजे ॲपमधले बाकीचे सगळे कंपोनंट हीच फाइल वापरतात आणि त्यांना ती बिनबोभाट सापडते.

हा एरर २०२० च्या शेवटापासून पुढची दीडेक वर्षं रिॲक्टवाल्यांच्या मागे लागला होता. आजही जुनं रिॲक्ट आणि नवी लायब्ररी अशी जोडी जमली की तो उगवतो. पण मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते एररच्या त्रासापेक्षा वेगळ्या कारणाने. फाइलच्या नावामागचं एक्स्टेन्शन जावास्क्रिप्टमध्ये नेमकं काय काय ठरवतं, आणि चार हत्यारं आपापल्या जागी बरोबर असूनही एकत्र आल्यावर कशी अडतात, हे इतक्या स्वच्छ रूपात क्वचित बघायला मिळतं.

एररच्या खालच्या ओळी

घाईत आपण पहिली ओळ वाचतो आणि ती सर्चमध्ये टाकतो. इथे कामाचं सगळं खाली आहे. दुसऱ्याच ओळीत वेबपॅक विचारतो, 'तुम्हाला जेएसएक्स-रनटाइम.जेएस म्हणायचंय का?' म्हणजे फाइल त्याला दिसलेली आहे. पुढे 'ब्रेकिंग चेंज' अशा ठळक शब्दांनंतर खुलासा येतो. त्याचा मथितार्थ: ही विनंती 'फुली स्पेसिफाइड', म्हणजे पूर्ण नाव-पत्त्यासकट यायला हवी होती, तशी ती नाही, आणि केवळ एवढ्याच कारणाने ती फेटाळली. बहुधा विनंती करणारं मॉड्यूल कडक इएस मॉड्यूल (जावास्क्रिप्टची अधिकृत 'इम्पोर्ट' पद्धत पाळणारी फाइल) असावं, उदाहरणार्थ .एमजेएस फाइल, किंवा अशी .जेएस फाइल जिच्या पॅकेज.जेसनमध्ये, म्हणजे पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये, 'टाइप'पुढे 'मॉड्यूल' लिहिलंय. शेवटी सल्ला: विनंतीत एक्स्टेन्शन घाला.

सल्ला अगदी बरोबर आहे. प्रश्न इतकाच की तो ऐकणार कोण.

ॲप लिहिणाऱ्याने ती इम्पोर्टची ओळ लिहिलेली नाही. लायब्ररीच्या लेखकानेही नाही; त्याने नुसतं जेएसएक्स, म्हणजे जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारखं मार्कअप, लिहिलं. ओळ घातली ती बेबलने, म्हणजे जेएसएक्सचं साध्या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणाऱ्या कंपायलरने. पूर्वी जेएसएक्सचं रूपांतर 'रिॲक्ट.क्रिएटएलिमेंट'च्या कॉलमध्ये व्हायचं, म्हणून प्रत्येक फाइलच्या डोक्यावर रिॲक्ट इम्पोर्ट करावं लागायचं. नव्या पद्धतीत कंपायलर स्वतःच फाइलच्या सुरुवातीला एक इम्पोर्ट घालतो: 'जेएसएक्स' हे नाव 'रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम'मधून घ्या. बेबलमध्ये ही सोय ७.९ पासून, मार्च २०२० पासून होती. रिॲक्टने सप्टेंबर २०२० मध्ये तिची जाहीर ओळख करून दिली, टाइपस्क्रिप्टने (जावास्क्रिप्टला टाइप्स जोडणारी भाषा) नोव्हेंबरमधल्या ४.१ मध्ये ती घेतली. जुन्या आवृत्त्यांवर अडकलेल्यांनाही वापरता यावी म्हणून रिॲक्टने १६.१४, १५.७ आणि अगदी ०.१४.१० मध्येसुद्धा ही फाइल मागाहून घातली.

बेबलने शेवटी '.जेएस' का लावलं नाही? कारण त्याला लावता येणार नव्हतं. हा इम्पोर्ट कुठून यावा हे सेटिंगमधून बदलता येतं. प्रीॲक्ट वापरणाऱ्याला 'प्रीॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम' हवं असतं, इमोशन वापरणाऱ्याला 'इमोशन/रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम'. बेबल दिलेल्या नावापुढे '/जेएसएक्स-रनटाइम' जोडतो आणि बाजूला होतो. त्या पॅकेजच्या पोटात ती फाइल .जेएस आहे, .एमजेएस आहे की आणखी कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे त्याला ठाऊक नसतं आणि नसावंही.

दहा दिवसांचं अंतर

तारखा बघितल्या की गंमत वाटते. वेबपॅक ५ आला १० ऑक्टोबर २०२० ला. रिॲक्ट १७ आलं २० ऑक्टोबर २०२० ला. एकाने नियम कडक केले आणि दहा दिवसांत दुसऱ्याने त्या नियमात न बसणारा पत्ता जगभर वाटला. यात कट वगैरे काही नाही. दोन्हीकडे काम कितीतरी महिने चाललं होतं आणि दोन्हीकडचे निर्णय आपापल्या जागी रास्त होते.

वेबपॅकने हा कडकपणा नोडकडून, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीकडून, घेतला. नोडच्या जुन्या कॉमनजेएस पद्धतीत रिक्वायर करताना एक्स्टेन्शन नाही लिहिलं तरी चालतं. नोड आधी तेच नाव बघतो, मग .जेएस लावून बघतो, मग .जेसन, मग .नोड, फोल्डर निघालं तर आतली इंडेक्स फाइल शोधतो. जुन्या वाड्यात नुसतं 'जोशी कुठे राहतात' विचारलं तरी कुणीतरी जिना दाखवायचंच, तसा हा कारभार. इएस मॉड्यूल्स मात्र ब्राउझरसाठीही आहेत, आणि ब्राउझरला हा कारभार परवडत नाही. तिथे प्रत्येक अंदाज म्हणजे नेटवर्कवरची एक फेरी, आणि चुकलेला प्रत्येक अंदाज म्हणजे सर्व्हरकडून एक ४०४. म्हणून नोडने इएस मॉड्यूल्समध्ये अंदाज बांधणं बंदच ठेवलं: पत्ता जसा लिहिलाय तसाच घ्यायचा. मधल्या काळात जुनी सवय चालू ठेवणारा एक प्रायोगिक फ्लॅग होता, तोही नोड १९ मध्ये काढून टाकला.

वेबपॅक ५ ने ठरवलं की जी फाइल स्वतःला नोडच्या अर्थाने इएस मॉड्यूल म्हणवते तिला नोडचेच नियम लावायचे. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. नाहीतर बंडलरमध्ये खुशाल चालणारी पॅकेजेस नोडमध्ये गेल्यावर पडली असती आणि ते कळायला आणखी उशीर झाला असता. रिॲक्ट १७ घेऊन साध्या नोडमध्ये, कुठलाही बंडलर न लावता, .एमजेएस फाइलमधून हाच इम्पोर्ट करून बघा. नोडही तेच म्हणतो, आणि 'जेएसएक्स-रनटाइम.जेएस म्हणायचंय का' हेही विचारतो.

घरच्या घरी

प्रकरण उभं करायला फार सामान लागत नाही. रिकाम्या फोल्डरमध्ये रिॲक्ट १७.०.२, वेबपॅक ५ आणि बेबल-लोडर इन्स्टॉल करा. नोड-मॉड्यूल्सच्या आत हातानेच एक खोटं पॅकेज बनवा. नाव समजा 'कार्ड'. त्याच्या पॅकेज.जेसनमध्ये नाव, आवृत्ती, 'मेन'पुढे इंडेक्स.जेएस आणि 'टाइप'पुढे 'मॉड्यूल'. इंडेक्स.जेएसमध्ये बेबलने काढल्यासारखा कोड: पहिली ओळ 'रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम'वरून इम्पोर्ट, खाली एक डिव्ह परत करणारं फंक्शन. ॲपच्या बाजूला एक ॲप.जेएसएक्स, त्यात या कार्डचा इम्पोर्ट आणि थोडं जेएसएक्स. बिल्ड लावा. एरर येतो आणि तो फक्त कार्डच्या इंडेक्स.जेएसबद्दल येतो.

आता कार्डच्या पॅकेज.जेसनमधून 'टाइप'ची ओळ काढा आणि बाकी एक अक्षरही बदलू नका. बिल्ड पार पडतो. ओळ काढलेलीच राहू द्या, पण इंडेक्स.जेएसचं नाव इंडेक्स.एमजेएस करा आणि 'मेन'मध्येही ते बदला. एरर परत येतो.

इम्पोर्टची ओळ तीच आहे आणि जी फाइल शोधायची तीही तीच. मग बदललं काय? विचारणाऱ्याची ओळख बदलली. या प्रकरणाची सगळी गोम इथे आहे. आपण धरून चालतो की एक्स्टेन्शन म्हणजे ज्या फाइलकडे जायचंय तिचा गुणधर्म. पण एक्स्टेन्शन दोन वेगवेगळ्या कामांना जुंपलेलं आहे. पत्त्याच्या शेवटी आलं की ते कुठली फाइल ते सांगतं. पत्ता लिहिणाऱ्या फाइलच्या स्वतःच्या नावात असलं की तिने लिहिलेले पत्ते कुठल्या नियमाने वाचायचे ते ठरवतं. एरर दिसतो पहिल्या कामाच्या जागी आणि त्याचं कारण दुसऱ्या कामात असतं. म्हणूनच माणसं रिॲक्टच्या फोल्डरमध्ये शोधत बसतात, जिथे शोधण्यासारखं काहीच नाही.

ॲपच्या स्वतःच्या कंपोनंट्सना ती फाइल का सापडते, याचंही उत्तर यातच आहे. वेबपॅकचे आपणहून लागू होणारे कडक नियम दोनच प्रकारच्या फाइलींना लागतात: .एमजेएस, आणि 'टाइप: मॉड्यूल' असलेल्या पॅकेजमधल्या .जेएस. ॲपच्या फाइली .जेएसएक्स किंवा .टीएसएक्स असल्या तर त्या या जाळ्यात येतच नाहीत, मग ॲपच्या पॅकेज.जेसनमध्ये काहीही लिहिलेलं असो. त्या ढिल्या नियमांनी वाचल्या जातात आणि त्यांच्यातली तीच ओळ बिनतक्रार निभावते.

एकाकडे पडतं, दुसऱ्याकडे नाही

अशा प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ खातो तो 'माझ्याकडे तर चालतंय' हा संवाद. इथे त्याला निदान तीन खरी कारणं होती.

पहिलं कारण हत्याराचं. रोलअप या दुसऱ्या बंडलरचं नोड-रिझॉल्व्ह प्लगइन विचारणारा कोण हे बघत नाही. पत्ता अपुरा दिसला की .एमजेएस, .जेएस, .जेसन, .नोड अशी एक्स्टेन्शनं क्रमाने लावून बघतं. ईएसबिल्डची यादी वेगळी, पण स्वभाव तोच. व्हीटचाही तसाच. म्हणजे लायब्ररीच्या लेखकाने रोलअपवर बिल्ड केलं, व्हीटवर डेमो चालवला, तर त्याला एरर दिसायचा काही मार्गच नाही. वेबपॅक ४ सुद्धा 'टाइप' हे क्षेत्र वाचत नसे, त्यामुळे .जेएस असलेली तीच लायब्ररी तिथे चालायची. व्हीटमध्ये आणखी एक खाच आहे. सर्व्हरवर रेंडर करताना तो बाहेरची पॅकेजेस सहसा स्वतः बांधत नाही, सरळ नोडच्या हवाली करतो. परिणाम असा की ब्राउझरमध्ये पान उघडतं आणि तेच पान सर्व्हरवर रेंडर होताना पडतं, एकाच प्रोजेक्टमध्ये, एकाच कमांडखाली.

दुसरं कारण लेखकाच्या एका विसराळूपणाचं. रोलअपच्या 'एक्स्टर्नल' यादीत 'रिॲक्ट' एवढीच स्ट्रिंग लिहिली तर ती नेमक्या त्याच नावाला लागते. 'रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम' तिच्यात येत नाही. मग रोलअप ती फाइल लायब्ररीच्या पोटातच भरून टाकतो. ज्या लायब्ररीत हे झालं तिथे एरर येत नाही, कारण इम्पोर्टच उरत नाही. रिॲक्टचा एक तुकडा मात्र प्रत्येक वापरणाऱ्याकडे फुकट जातो. अशी लायब्ररी 'चालते' म्हणून तिचं उदाहरण दिलं गेलं की गोंधळ आणखी वाढतो.

तिसरं कारण मला सर्वांत आवडतं. कित्येक प्रोजेक्टांत रिॲक्टच्या दोन प्रती बंडलमध्ये येऊ नयेत म्हणून वेबपॅकच्या कॉन्फिगमध्ये एक एलियस टाकलेला असतो: 'रिॲक्ट' म्हणजे आमच्या नोड-मॉड्यूल्समधलं अमुक फोल्डर. हुक्सच्या त्या प्रसिद्ध 'इनव्हॅलिड हुक कॉल' एररपासून वाचण्यासाठी तो कधीतरी कुणीतरी टाकलेला असतो. वेबपॅकच्या दस्तऐवजात एक वाक्य आहे: एलियसमधून आलेल्या विनंत्यांना 'फुली स्पेसिफाइड'चा नियम लागत नाही. त्यामुळे 'रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम' हा पत्ता आधी एलियसमधून जातो, तिथे त्याचा कडकपणा सुटतो, आणि पुढे .जेएस लावून फाइल सापडते. ज्यांच्याकडे हा एलियस होता त्यांचा एरर न येताच बरा झाला होता. आणि तो एलियस एखाद्या साफसफाईत, 'हे काय आहे, कशाला ठेवलंय' म्हणून काढला, की त्या दिवशी बिल्ड पडायचा. कमिट बघणाऱ्याला दोन्हींचा संबंध लागणं कठीण.

उपाय, आणि उलटलेला उपाय

सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'फुली-स्पेसिफाइड' हे सेटिंग 'फॉल्स' करणं. पण ते कुठे लिहायचं यात मेख आहे. कॉन्फिगच्या वरच्या पातळीवरच्या 'रिझॉल्व्ह'मध्ये लिहिलं तर काही होत नाही, आणि लोक म्हणतात सेटिंग मोडकं आहे. मोडकं नाही. वेबपॅकने कडकपणा लावलाय तो मॉड्यूलच्या नियमांतून, ठरावीक फाइलींपुरता. आणि नियमातलं 'रिझॉल्व्ह' वरच्या पातळीवरच्याला झाकतं. म्हणून ते 'मॉड्यूल'खालच्या 'रूल्स'मध्ये घालावं लागतं: .जेएस आणि .एमजेएसला जुळणारा एक नियम, त्यात 'रिझॉल्व्ह', त्यात 'फुली-स्पेसिफाइड: फॉल्स'. हे चालतं. पण या नियमाने सगळ्याच पॅकेजेसचा कडकपणा सुटतो, आणि खरोखर मोडलेली पॅकेजेसही त्याच्या आडून निसटतात. नियमाला त्या एका लायब्ररीच्या फोल्डरपुरतं बांधलं तर बरं. तेवढे कष्ट फारसे कुणी घेत नाही, हेही खरं.

दुसरा उपाय एलियसचा, आणि इथे प्रकरणाचा दुसरा अंक सुरू होतो. लोकांनी सरळ हिशोब केला: 'रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम' मागितलं की 'रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम.जेएस' द्या. काही लायब्ररीवाल्यांनी तर आपल्या प्रसिद्ध केलेल्या कोडमध्येच .जेएस लावून टाकलं. एररने तेच सांगितलं होतं ना, एक्स्टेन्शन घाला म्हणून. रिॲक्ट १७ वर सगळे सुखी झाले.

२९ मार्च २०२२ ला रिॲक्ट १८ आलं. त्याच्या पॅकेज.जेसनमध्ये 'एक्सपोर्ट्स' नावाचा तक्ता आहे. बाहेरच्यांनी कुठल्या नावाने काय मागायचं आणि त्या नावामागे आत कुठली फाइल आहे, याची ही यादी. नोडने ती २०१९ मध्ये १२.७ पासून आणली आणि वेबपॅक ५ पहिल्यापासून मानतो. रिॲक्ट १८ च्या तक्त्यात एक नोंद आहे: बाहेरचं नाव 'जेएसएक्स-रनटाइम', आतली फाइल जेएसएक्स-रनटाइम.जेएस. त्यामुळे मूळ दुखणं मुळापासून गेलं. बेबलने लिहिलेली बिनएक्स्टेन्शनची ओळ आता तक्त्यातल्या नावाशी तंतोतंत जुळते आणि अंदाज बांधायचा प्रश्नच येत नाही. बेबलला काही बदलावं लागलं नाही, वेबपॅकलाही नाही.

पण तक्ता आला की तक्त्यात नसलेलं सगळं बंद होतं. 'जेएसएक्स-रनटाइम.जेएस' हे नाव त्यात नाही. फाइल फोल्डरमध्ये आहे, मागच्या वेळेसारखीच डोळ्यांसमोर आहे, पण बाहेरून त्या नावाने मागता येत नाही. ज्यांनी १७ साठी .जेएस लावलं होतं त्यांना १८ वर नवा एरर आला: 'पॅकेज पाथ जेएसएक्स-रनटाइम.जेएस इज नॉट एक्सपोर्टेड'. मग लोकांनी उलटा एलियस टाकला, .जेएससकट मागितलं की .जेएसशिवाय द्या. एकाच कॉन्फिगमध्ये वर्षभराच्या अंतराने परस्परविरोधी दोन ओळी, आणि दोन्हींच्या कॉमेंटमध्ये 'बिल्ड दुरुस्त केला'.

एलियसच करायचा असेल तर त्यात हाताने पत्ता लिहू नये. कॉन्फिग कॉमनजेएसमध्ये असेल तर उजव्या बाजूला 'रिक्वायर.रिझॉल्व्ह' वापरून 'रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम' विचारावं. तो कॉमनजेएसच्या नियमांनी शोधतो. १७ असेल तर .जेएस लावून, १८ असेल तर तक्ता वाचून, आणि दोन्ही वेळा डिस्कवरचा पूर्ण पत्ता हातात देतो. पूर्ण पत्त्याला तक्ताही आडवा येत नाही. आवृत्ती बदलली तरी ओळ तशीच राहते.

१७ मध्येच तक्ता का घातला नाही, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. तक्ता म्हणजे कुलूपही असतं. रिॲक्टच्या पोटातल्या सीजेएस किंवा यूएमडी फोल्डरांतल्या फाइली थेट मागणारी पॅकेजेस आणि कॉन्फिग अस्तित्वात होती. मधल्याच एखाद्या छोट्या आवृत्तीत तक्ता आला असता तर ती सगळी एका रात्रीत पडली असती. असा बदल मोठ्या आवृत्तीतच शोभतो. १७ ची मालिका १७.०.२ वर थांबली, त्यामुळे त्या मालिकेपुरता हा प्रश्न तसाच राहिला.

लायब्ररी लिहिणाऱ्याची अडचण

ॲपवाल्याकडे निदान एलियस आहे. लायब्ररीवाल्याचं काय? समजा त्याने पिअर-डिपेंडन्सीत, म्हणजे वापरणाऱ्याकडे कुठली आवृत्ती हवी त्या नोंदीत, '१७ किंवा १८' लिहिलंय आणि पॅकेज 'टाइप: मॉड्यूल' आहे. .जेएसशिवाय लिहिलं तर १७ वर पडतं, .जेएस लावलं तर १८ वर पडतं. दोन्हींवर चालेल असा एकही पत्ता कडक नियमांत उपलब्ध नाही. जेएसएक्सची नवी पद्धत ठेवून याला बेबलचं सेटिंग, बंडलर बदलणं, काहीही उपयोगी पडत नाही. अडचण पत्त्यातच आहे.

मग तीन वाटा उरतात. एक, १७ सोडून द्यायचं. आज नवी लायब्ररी लिहिणाऱ्याने हेच करावं. दोन, जेएसएक्सची जुनी, 'क्लासिक' पद्धत वापरायची. 'रिॲक्ट' या नुसत्या नावाने केलेला इम्पोर्ट १७ आणि १८ दोन्हीकडे चालतो, कारण पॅकेजचं मुख्य दार 'मेन'मधून किंवा तक्त्यातून उघडतं, अंदाजाने नाही. पण रिॲक्ट १९ ने नव्या पद्धतीचा आग्रह धरला आहे, त्यामुळे ही वाट अरुंद होत चालली आहे. तीन, 'टाइप: मॉड्यूल' न लावता इएस मॉड्यूल्सचा कोड .जेएस फाइलींत ठेवायचा आणि पॅकेज.जेसनमधल्या 'मॉड्यूल' या क्षेत्रातून तो बंडलरांना दाखवायचा. बंडलर तो ढिल्या नियमांनी वाचतात. नोडला मात्र तो कोड दाखवायचा नाही. त्याच्यासाठी 'मेन'मध्ये कॉमनजेएसची प्रत ठेवायची. ही तिसरी वाट दिसायला गबाळी आहे, शुद्धतावाद्यांना ती आवडत नाही, आणि १७ सांभाळणं भाग असेल तर मी तीच घेईन.

हे दुखणं फक्त कंपायलरने घातलेल्या ओळींपुरतं नाही, हेही सांगायला हवं. टाइपस्क्रिप्ट ५.० मध्ये, मार्च २०२३ ला, 'मॉड्यूल-रिझोल्यूशन'साठी 'बंडलर' हा पर्याय आला. त्यात एक्स्टेन्शन न लिहिलेले इम्पोर्ट टाइपस्क्रिप्ट चालवून घेतो, कारण पुढे बंडलर आहेच असं त्याने गृहीत धरलेलं असतं. ॲपसाठी ते झकास. लायब्ररीसाठी तो पर्याय लावला आणि नुसतं टाइपस्क्रिप्टनेच कंपाइल करून 'टाइप: मॉड्यूल'सकट प्रसिद्ध केलं, तर स्वतःच्याच फाइलींमधले './कार्ड' असे इम्पोर्ट वेबपॅक ५ मध्ये आणि नोडमध्ये पडतात. फरक इतकाच की या वेळी ओळ आपल्या हाताने लिहिलेली असते. लायब्ररीला 'नोडनेक्स्ट' लावावं. तो कार्ड.टीएसएक्स समोर असतानाही './कार्ड.जेएस' लिहायला लावतो, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला ते वेड्यासारखं वाटतं: जी फाइल नाही तिचं नाव लिहायचं! पण टाइपस्क्रिप्टचा खाक्या असा की इम्पोर्टचा पत्ता तो आपणहून बदलत नाही, म्हणून बिल्डनंतर जे नाव असेल तेच आधी लिहायचं. २०२४ च्या अखेरीस ५.७ मध्ये .टीएसचं .जेएस करून देणारा पर्याय आला, तोही सापेक्ष पत्त्यांपुरता आणि मागितला तरच. वेबपॅकला हे '.जेएस म्हणजे कदाचित .टीएस' प्रकरण समजावं म्हणून ५.७४ पासून 'एक्स्टेन्शन-एलियस' आहे. ते लावलं नाही तर तो बिचारा खरोखरच कार्ड.जेएस शोधत बसतो.

प्रसिद्ध करण्याआधीची तपासणी बंडलरमध्ये करण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक बंडलर दयाळू आहेत. 'एनपीएम पॅक'ने टारबॉल बांधा, दोन रिकाम्या फोल्डरांत तो इन्स्टॉल करा, एकात रिॲक्ट १७.०.२ आणि दुसऱ्यात १८, आणि प्रत्येकात एका ओळीची .एमजेएस फाइल साध्या नोडने चालवा, जिच्यात फक्त आपल्या पॅकेजचा इम्पोर्ट आहे. काही सेकंदांचं काम, सीआयमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत, सहज बसतं. तिसरी वाट धरली असेल तर नोड कॉमनजेएसची प्रत उचलेल आणि इएसवाली तपासायची राहून जाईल. तिच्यासाठी वेबपॅक ५ चा एक बिल्ड वेगळा ठेवावा लागतो. आणि पुढे कधी १७ सोडून 'टाइप: मॉड्यूल' लावायची वेळ आली, तर ती एक ओळ मोठ्या आवृत्तीत जाऊ द्या. त्या ओळीने आपल्या पॅकेजमधल्या प्रत्येक .जेएस फाइलची ओळख बदलते, आणि तिच्यातल्या प्रत्येक पत्त्याचा नियमही.